धाकटीच्या सत्त्याण्णव तक्रारी

भावजी आमच्या घरी आले की चपला काढायच्या आधी नळ बघतात. स्वयंपाकघरातला, मोरीतला, मागच्या दारचा. तिन्ही घट्ट बंद आहेत अशी खात्री झाली की मग चपला, मग हातपाय, मग खुर्ची. एकदा मी म्हटलं, "भावजी, आधी माणसं बघा की हो." तर म्हणाले, "माणसं काही गळत नाहीत, वहिनी," आणि ताटावर बसले.

हे माझे धाकटे दीर. शहराच्या पाणीपुरवठा खात्यात तेहेतीस वर्षं फिटर आहेत. राहतात आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून, भाड्याच्या एका खोलीत. संध्याकाळचं जेवण मात्र आमच्याकडे. सात वाजता येतात, पावणेआठला जातात. त्या पाऊण तासात त्यांच्या तोंडून चार वाक्यं निघतात. मी मोजली आहेत. "पाणी आलं होतं ना?" हे पहिलं. "दादा, जेवलास का?" हे दुसरं, दादा समोर जेवत असला तरी. तिसरं भाजीबद्दल, नेहमी चांगलंच. चौथं "येतो."

सकाळी देवापाशी बसून झालं की मी रोज वहीत पाच-सात ओळी लिहिते. त्यात भावजींवर वर्षानुवर्षं एकच ओळ आहे, "भावजी येऊन जेवून गेले." मागच्या वर्षी मात्र त्यांच्यावर पानंच्या पानं लिहिली गेली. तीच इथे नीट लावून देते आहे.

आमच्या शहराला पाणी देणारं मोठं पंपघर नदीकाठी आहे. तिथे तीन मोठे पंप. खात्यातली माणसं त्यांना थोरल्या म्हणतात. गावाच्या दुसऱ्या टोकाला टेकडीच्या पायथ्याशी एक छोटं पंपघर आहे. त्यात एकच पंप, जुना, हिरव्या रंगाचा. तो टेकडीवरच्या वस्तीच्या टाकीत पाणी चढवतो. ती धाकटी. नोकरीच्या दुसऱ्या वर्षापासून धाकटी भावजींकडे.

लग्न झालं तेव्हा खात्याने त्यांना धाकटीला लागूनच खोली दिली होती. मधे एक भिंत, आणि त्या भिंतीतून रात्रंदिवस घरघर. आमची जाऊबाई चौदा महिने राहिली. भांडखोर नव्हती बिचारी. मला म्हणायची, "मी बोललेलं मलाच ऐकू येत नाही हो." एक दिवस माहेरी गेली ती आली नाही. पुढे तिने दुसरं घर केलं. इकडे खात्यातल्या लोकांना चेष्टेला विषय मिळाला. "सवत जिंकली," म्हणायचे. भावजींना समोरासमोर म्हणायचे, आणि ते ऐकून तेही हसायचे. माझा मात्र या हसण्यावर कधी विश्वास बसला नाही.

पुढे त्या खोलीचं छप्पर गळायला लागलं, खात्याने कुलूप लावलं, भावजी आमच्या बाजूला राहायला आले. पण रोजचं जाणं सुटलं नाही. सकाळी सातला मोठ्या पंपघरात हजेरी, तिथली कामं, आणि जेवणाची सुट्टी संपली की सायकल काढून धाकटीकडे. तेल बघायचं, ग्रीस भरायचं, आजारी माणसाच्या कपाळाला लावावा तसा बेअरिंगला हात लावायचा. मोटारीचा दांडा पंपात शिरतो तिथून थेंब थेंब पाणी पडतं. ते पडायलाच हवं, त्यानेच तो भाग गार राहतो. भावजी घड्याळ लावून ते थेंब मोजायचे. मिनिटाला चाळीस. कमी झाले तर नट अर्ध्या सुताने सैल, जास्त झाले तर अर्ध्या सुताने घट्ट. संध्याकाळपर्यंत तिथेच. एवढ्या लहान पंपापाशी इतका वेळ काय करतात, हे आम्ही कुणी कधी विचारलं नाही.

मग खात्यात ते सॉफ्टवेअर आलं.

मोठ्या कार्यालयातून एक इंजिनीअरबाई आल्या. आमच्या मुलीपेक्षाही लहान, पाठीवर पिशवी, बोलणं गोड. त्यांनी दोन महिने हिंडून शहरातल्या प्रत्येक पंपाला, व्हॉल्व्हला, मोटारीला एकेक नंबर दिला आणि ठिपक्यांच्या चौकोनाचं स्टिकर चिकटवलं. प्रत्येक फिटरला एक फोन. आता कुठलं काम कधी करायचं ते फोन सांगणार. फोनवर वर्क ऑर्डर येईल, मग जायचं, स्टिकरसमोर फोन धरायचा, काम करायचं, "पूर्ण" वर बोट ठेवायचं. वर्क ऑर्डर नसेल तर जायचं नाही. आपल्या मनाने तर नाहीच नाही.

भावजी त्या दिवशी चारच्या ऐवजी पाच वाक्यं बोलले. पाचवं होतं, "धाकटीचं तीन महिन्यांनी आहे."

"काय तीन महिन्यांनी?" मी विचारलं.

"ग्रीस. कंपनीच्या पुस्तकात तसं आहे म्हणे. रोज लागत नाही."

आमचे हे कानाने अधू. त्यांनी वर्तमानपत्रातून मान काढून विचारलं, "कोणाचं लग्न तीन महिन्यांनी?"

"कोणाचं नाही. जेवा तुम्ही."

त्यानंतरचे तीन आठवडे भावजी मोठ्या पंपघरात बाकावर बसून होते. फोन वाजला की उठायचं, नाही वाजला की बसायचं. बाकी फिटर खूश. चहा, गप्पा, पत्ते. भावजींना पत्ते येत नाहीत आणि गप्पा तर त्याहून येत नाहीत. जेवायला यायचे ते चेहरा उतरलेला. तिसरं वाक्य गळालं. भाजी कशी झाली हे सांगेनासे झाले. मला वाटलं तब्येत. देवाला म्हटलं, बाबा, या माणसाकडे जरा बघ.

मग एका संध्याकाळी त्यांनी फोन माझ्यासमोर ठेवला. "वहिनी, तुम्हाला यावर लिहिता येतं ना? मुलीला पाठवता तसं?"

"येतं की."

"इथे एक तक्रार लिहायची आहे. मशिनची तक्रार कुणीही नोंदवू शकतो, बाईंनी सांगितलंय. नोंदवली की त्या भागातल्या फिटरला लगेच वर्क ऑर्डर येते."

"त्या भागातला फिटर कोण?"

"मीच."

फोनवर यादी होती. असामान्य आवाज, कंपन, गळती, तापणे, इतर. भावजींनी जाड बोटाने "गळती"वर टेकवलं. आता, धाकटीतून पाणी ठिबकतं हे खरंच होतं. ठिबकायलाच हवं हे त्या यादीत कुठे लिहिलेलं नव्हतं. खाली एक चौकट होती, शेरा. ती रिकामी ठेवली की फोन पुढे जाऊ देत नव्हता. तीन शब्दांवरही भागत नव्हतं.

"काय लिहू?"

"लिहा काहीही. पाणी पडतंय."

मला "काहीही" लिहिता येत नाही. इतकी वर्षं वही लिहिते, हाताला वळण आहे. मी लिहिलं, "दांड्यापाशी पाण्याचे थेंब एकामागून एक पडत आहेत. थांबण्याचे चिन्ह नाही." भावजींनी वाचलं, चष्मा वर केला. "छान लिहिलंत हो," म्हणाले. इतक्या वर्षांत या घरात भाजी सोडून कशालाही मिळालेलं हे पहिलं "छान".

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला आणि भावजी सायकलवर बसून धाकटीकडे गेले. रात्री म्हणाले, "भाजी उत्तम झाली आहे." मी देवाचे आभार मानले. अगदी मनापासून मानले, हे मुद्दाम लिहिते.

तिथून ते सुरू झालं. एक दिवसाआड जेवण झालं की फोन माझ्यासमोर. गळती फार वेळा नको म्हणून मग आवाज. आवाज झाला की कंपन. मीही रंगत गेले. "उजव्या बाजूने बारीक कुरकुर, जणू कुणी दाताखाली खडा चावत आहे." "पाय जमिनीवर ठेवला की तळव्याला हलकी थरथर जाणवते." एकदा "तापणे" घेतलं तेव्हा लिहिलं, "हात ठेवला तर माणसाला तापात असतो तसा चटका." भावजी दर वेळी वाचायचे आणि मान हलवायचे. कधी कधी तर आधीच विचारायचे, "आज काय म्हणतेय ती?" जसं काही मीच रोज भेटून येत होते.

मला संशय आला नव्हता असं नाही. प्रत्येक तक्रार दुसऱ्या दिवशी "पूर्ण" होत होती आणि एकदाही कुठला सुटा भाग लागला नव्हता. असला कसला आजार, जो रोज येतो आणि हात लावताच जातो? पण मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं.

दोनेक महिने झाले असतील. एका दुपारी बघते तर भावजींचा फोन आमच्याकडेच. आदल्या संध्याकाळी माझ्यासमोर ठेवलेला तसाच टेबलावर राहिला होता. फोन नाही तर स्टिकर नाही, स्टिकर नाही तर हजेरी नाही. मी म्हटलं आपणच नेऊन द्यावा. ह्यांना सांगितलं, "धाकटीकडे जाऊन येते." हे म्हणाले, "तिला माझा नमस्कार सांग." त्यांना वाटलं धाकट्या बहिणीकडे.

पंपघर म्हणजे विटांची एक खोली, लोखंडी दार, वर जाळीची खिडकी. बाहेर पिवळं गवत. दार अर्धं उघडं होतं. घरघर इतकी की मला माझ्या पावलांचा आवाज येईना. आणि त्या घरघरीतून कुणाचं तरी बोलणं येत होतं. मोठ्याने, भराभर, मधेच हसत. मला वाटलं आत दोघं-तिघं आहेत.

आत भावजी एकटे होते. उलट्या बादलीवर, माझ्याकडे पाठ करून बसले होते.

"...कानातल्या मशिनचा सेल परवाच संपलाय. दादा सांगत नाही. त्याला बरंच वाटतंय. वहिनी बोलतात, तो मान हलवतो, संसार सुखाचा चाललाय! आणि काल भाजीत मीठ दोनदा पडलं होतं. दादा गप्प, मीही गप्प. उत्तम झाली म्हटलं. मग घरी जाऊन तांब्याभर पाणी प्यायलो. काय करणार, त्या इतक्या जपतात आपल्याला..."

मी दारात खिळून उभी. हसू येत होतं.

"...आणि हो, बाजारात कळलं, तिला नात झाली. तिला म्हणजे आपल्या हिला. बरं झालं. घर भरलं तिचं. मी म्हटलं जाऊन बघून यावं का लांबून. मग म्हटलं, कशाला. काय सांगणार, कोण म्हणून..."

मग पुन्हा टाकीतलं पाणी, सायकलचा ब्रेक, बाकावर बसून दुखलेली कंबर. हाच तो माणूस, ज्याची चार वाक्यं मी इतकी वर्षं मोजत होते. त्याला बोलता येत होतं. उलट खूप येत होतं. फक्त कुणाला ऐकू गेलं नाही तरच येत होतं.

मी दहा पावलं मागे गेले आणि परत येताना दारावर जोरात फोन आपटला. आवाज बंद झाला. भावजी बाहेर आले, हात पुसत. "वहिनी! तुम्ही कशाला त्रास घेतलात."

"फोन राहिला होता. धाकटी कशी आहे?"

"ठीक आहे," म्हणाले. त्यांचं एक वाक्य खर्च झालं.

त्या दिवसापासून मला पुरतं कळून चुकलं की मी खोटं लिहिते आहे. माझ्यासारख्या बाईला हे सोपं नव्हतं. सकाळी हात जोडून बसायचे आणि मनात यायचं, काल संध्याकाळी काय लिहिलंस? मी देवाशी वाद घालायचे. म्हणायचे, माणसाबद्दल नाही लिहीत, यंत्राबद्दल लिहिते. यंत्राला अब्रू कुठे असते? एक दिवसाआड संध्याकाळी फोन समोर यायचा आणि मी लिहायचे.

सहा महिने उलटून गेले, आणि एका दुपारी भावजी इंजिनीअरबाईंना घेऊन दारात उभे. नळ न बघता आत आले तेव्हाच मी समजले, काहीतरी बिनसलंय.

"काकू, तुम्हालाच भेटायला आले," बाई म्हणाल्या. "काका म्हणाले, शेरे तुम्ही लिहून देता. आमच्या प्रशिक्षणात मी सगळ्यांना तुमचे शेरे वाचून दाखवते, माहीत आहे?" आणि त्यांनी पिशवीतून संगणक काढून माझीच वाक्यं मला वाचून दाखवली. दाताखालचा खडा. तळव्याची थरथर. "बाकी लोक लिहितात 'पंप खराब'. याला म्हणतात नोंद!"

"काय म्हणतात?" ह्यांनी विचारलं.

"तुमच्या सूनबाई छान लिहितात म्हणतात," भावजी इतके गोंधळलेले की नातं चुकले.

चहा झाला. मग बाईंनी पडदा आमच्याकडे वळवला. एक यादी होती. शहरातली सगळ्यात जास्त त्रास देणारी दहा यंत्रं. सॉफ्टवेअर ती आपोआप काढतं. पहिल्या ओळीवर धाकटीचा नंबर, पुढे आकडा. सत्त्याण्णव तक्रारी. दुसऱ्या ओळीवरच्या पंपाच्या अकरा होत्या.

"काका, तुम्ही इतकं मन लावून नोंदवलंत म्हणून हे कळलं. नाहीतर हा पंप असाच चालत राहिला असता. आता आम्ही तो काढून टाकतोय. नदीकाठच्या मोठ्या पंपावरूनच वरच्या वस्तीला नवी लाइन जाईल. पंपघर बंद. पुढच्या गुरुवारी यादी मंजूर होते." त्या मनापासून हसल्या. "तुमची धावपळ सुटली बघा."

भावजी कपातल्या चहाकडे बघत होते. तो केव्हाच संपला होता.

बाई गेल्यावर ते उठले आणि तिन्ही नळ बघून आले. मग बसले. मी म्हटलं, "भावजी, चांगली आहे ना ती? खरं सांगा."

"थोरल्यांपेक्षा चांगली आहे. अजून वीस वर्षं जाईल."

"मग सांगा बाईंना."

"काय सांगू? की सहा महिने खोटं नोंदवलं? दोन वर्षं राहिली माझी निवृत्तीला. चौकशी लावतील. लोक हसतील ते वेगळंच. सवतीसाठी फिटरने काय काय केलं म्हणून."

"नाही सांगितलं तर?"

"नाही सांगितलं तर गुरुवारनंतर ती भंगारात." आणि चौथं वाक्य न बोलताच गेले.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, जेवायला आले नाहीत. शनिवारीही नाही. ताट झाकून ठेवलं ते सकाळी मीच खाल्लं. हे म्हणाले, "आज धाकटा गप्प गप्प होता नाही?" म्हटलं, "आलेच नव्हते ते." ह्यांना फरक कळला नव्हता. असं किती दिवस चाललं असेल या घरात, की माणूस आहे का नाही हे आम्हाला कळू नये?

रविवारी सकाळी मी अजून देवापाशीच होते, भावजी आले. दाढी वाढलेली. फोन पुढे केला. "बंद झालेली तक्रार खोडता येत नाही. पण प्रत्येकीखाली टीप जोडता येते. तुम्ही लिहाल का?"

"काय लिहू?"

"आवाज नव्हता. मी नुसता बघायला गेलो होतो. एवढंच. सगळ्यांखाली."

"सत्त्याण्णव?"

"सत्त्याण्णव."

आम्ही टेबलाशी बसलो. एकेक तक्रार उघडायची, मी आधीचा शेरा वाचायचा, मग खाली लिहायचं. दाताखालचा खडा. आवाज नव्हता, मी नुसता बघायला गेलो होतो. तळव्याची थरथर. थरथर नव्हती, मी नुसता बघायला गेलो होतो. माझी एवढी वेचून लिहिलेली वाक्यं आणि प्रत्येकीखाली तेच एक वाक्य, साधं, कुठलीही नक्षी नसलेलं. वीस-पंचवीस झाल्यावर मला वर बघवेना. भावजी समोर हात मांडीवर ठेवून बसले होते, शिक्षा ऐकणाऱ्या मुलासारखे, आणि प्रत्येक वेळी मान हलवत होते. चाळिसाव्या तक्रारीला हे उठले आणि काही न विचारता चहा करून घेऊन आले. लग्नाला अडतीस वर्षं झाली, ह्यांच्या हातचा चहा मी तिसऱ्यांदा प्यायले. साखर विसरले होते. आम्ही तसाच संपवला.

एकसष्टाव्या तक्रारीला भावजी म्हणाले, "थांबा. ही खरी होती. खालचा बोल्ट सैल झाला होता त्या दिवशी. ही राहू द्या."

"एवढ्यांत एक राहिली तर काय बिघडतं? तीही पुसू."

"नको. झालं होतं ते झालं होतं."

दिवेलागणीला संपलं. शहाण्णव. भावजी म्हणाले, "येतो," आणि जेवायला बसले. काय बोललो हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

सोमवारी दुपारी इंजिनीअरबाई एकट्याच आल्या. भावजींना बोलावून घेतलं. या वेळी चहा नको म्हणाल्या.

"काका, हे काय आहे?"

"जे आहे ते लिहिलंय."

"मला यावर अहवाल द्यावा लागेल."

"द्या."

"तुमच्यावर येईल ते."

"येऊ द्या. धाकटीवर नको."

"पण का? कशासाठी जात होतात तिथे?"

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात मला कळलं, की त्या दुपारी मी दारात उभी होते हे त्यांना ठाऊक आहे. बहुधा तेव्हापासूनच. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं, उलटी बादली, बोलणं, हसणं. पण ते माझं नव्हतं, मी कसं सांगू? ते म्हणाले, "सवय."

मी म्हटलं, "बाई, लिहिलं सगळं मी आहे. माझंही नाव घाला."

"काकू, तुमचं नाव यात येतच नाही. सिस्टिमला तुम्ही माहीतच नाही." मग थोडं हसून म्हणाल्या, "आणि शहाण्णव वेळा तेच कशाला लिहिलंत? एकदा लिहून सगळीकडे चिकटवता येतं."

"येत असेल. मला माहीत नव्हतं."

"माहीत असतं तरी तसं नको होतं," भावजी म्हणाले.

बाईंनी अहवाल सौम्य लिहिला असावा. भावजींना ताकीद मिळाली आणि बदली, मोठ्या पंपघराच्या भांडारात. तिथे नट, वॉशर, बेअरिंगं शेल्फावर नंबरवार लावायची, कुणी मागितलं की द्यायची. बाहेरचं काम बंद. धाकटीचं नाव यादीतून निघालं. बाई स्वतः सांगायला आल्या होत्या. "राहिली काका तुमची धाकटी. सहा महिन्यांत एकच तक्रार. शहरातला सगळ्यात चांगला पंप ठरलाय. इतका, की सॉफ्टवेअरने तिचं ग्रीस आता तीनऐवजी सहा महिन्यांनी केलंय."

"कोण जाणार?"

"दुसरा फिटर आहे त्या भागाला. चांगला आहे."

"बरं झालं," भावजी म्हणाले.

याला आता सात महिने झाले. भावजी सातऐवजी सव्वापाचला येतात, कारण भांडार पाचला बंद होतं. सातपर्यंत बसून असतात. मी एकदा म्हटलं, "बोला की काहीतरी." त्यांनी तोंड उघडलं, खरंच प्रयत्न केला, आणि पंखा बंद होता म्हणून असेल, घर इतकं शांत होतं की त्यांनी पुन्हा मिटलं. मग मी मिक्सर लावला. पण मिक्सर लावून किती वेळ बसणार.

परवा मात्र मी एक केलं. मला काही वर्क ऑर्डर लागत नाही. दुपारी चालत टेकडीच्या पायथ्याशी गेले. लोखंडी दाराला नवं कुलूप होतं. जाळीच्या खिडकीखाली उभी राहिले, भिंतीला कान लावला. घरघर चालू होती. चांगली की वाईट मला काही कळलं नाही. आवाज होता, एवढंच. थोडा वेळ मीही काहीतरी बोलून बघावं असं वाटलं. आजूबाजूला पाहिलं, कुणी नव्हतं. म्हटलं, "मुलगी गेल्या महिन्यात फोनवर एकदाच बोलली." माझं मलाच ऐकू आलं नाही. मग आणखी थोडं बोलले. ते इथे लिहीत नाही.

संध्याकाळी भावजींना सांगितलं, "धाकटीकडे जाऊन आले. चालू आहे."

ते एकदम ताठ बसले. "आवाज कसा होता?"

आता काय सांगायचं? मी तोंडाने करून दाखवला. हे दचकून म्हणाले, "मांजर शिरलं का घरात?"

"तसा नाही होत," भावजी म्हणाले, आणि खालच्या स्वरात, घशातून, सलग, त्यांनी तो आवाज काढला. डोळे मिटून. बराच वेळ. मग डोळे उघडून विचारलं, "असा होता ना?"

मी म्हटलं, "हो. अगदी असाच."

"मग ठीक आहे ती," म्हणाले, आणि जेवले.

तसा होता की नाही, मला खरोखर सांगता येणार नाही. सकाळी देवापाशी बसले तेव्हा हे खोट्यात धरायचं का, म्हणून विचारलं. अजून विचारतेच आहे. उद्या दुपारी पुन्हा जाईन तेव्हा नीट कान देऊन ऐकेन.